उशीर कोणाच्या वाट्याला? : आरटीओएसमधील सॉफ्टवेअर टायमरांचा आढावा

विहिरीवरच्या पंपाला जोडलेल्या मोबाईल स्टार्टरच्या पेटीत एक छोटा मायक्रोकंट्रोलर असतो आणि त्याला एकाच वेळी अनेक मुदती सांभाळाव्या लागतात. बटण दाबल्यावर संपर्क स्थिर होईपर्यंत साधारण २० मिलिसेकंद थांबायचे. मोटर स्टारमध्ये सुरू करून काही सेकंदांनी डेल्टावर न्यायची. जीएसएम मोडेमला आज्ञा दिली आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारायचे. विहिरीतले पाणी तुटले तर मोटर बंद करायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालवून पाहायची. वीज गेली आणि परत आली, तर लगेच मोटर न लावता थोडा वेळ जाऊ द्यायचा. प्रत्येक मुदतीला चिपमधला एकेक हार्डवेअर टायमर देऊ म्हटले तर ते पुरत नाहीत. जे असतात त्यांतले दोन-तीन आधीच पीडब्ल्यूएम आणि वेगमापनात अडकलेले असतात. म्हणून एका हार्डवेअर टायमरच्या जोरावर हवे तेवढे टायमर उभे करायचे काम रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आरटीओएस, आपल्याकडे घेते. हेच सॉफ्टवेअर टायमर.

कोणता टायमर वापरायचा याची चर्चा टीममध्ये बहुधा अचूकतेपासून सुरू होते. एक मिलिसेकंद पुरेल का, मायक्रोसेकंद मिळतील का, असे प्रश्न पहिल्याच बैठकीत येतात. ते चुकीचे नाहीत, पण दुय्यम आहेत. मोजणीतला थोडा फरक सोडला तर सॉफ्टवेअर टायमर मुदतीच्या आधी वाजू नये एवढे सिस्टिम पाहते; मुदतीनंतर किती उशिरा वाजेल हे बाकीच्या कामांवर अवलंबून असते. थोडाफार उशीर होणारच. टायमर निवडताना आपण खरे तर तो उशीर कोणाच्या वाट्याला घालायचा हे ठरवत असतो: इतर इंटरप्टांच्या, इतर टायमरांच्या, की त्या कामापुरत्या एका टास्कच्या. या आढाव्यात प्रमुख आरटीओएसांतले टायमर याच नजरेने पाहू.

यादी की चाक?

आतली रचना आधी थोडक्यात पाहू, कारण तिच्यावर जितका वेळ खर्च होतो तितकी ती बहुतेक उत्पादनांत निर्णायक नसते. सगळ्यात सोपी रचना म्हणजे मुदतीच्या क्रमाने लावलेली यादी. तिचा एक चलाख प्रकार झेफर या आरटीओएसमध्ये आहे: प्रत्येक टायमरजवळ पूर्ण मुदत न ठेवता आधीच्या टायमरपासूनचा फरक ठेवायचा. २०, ५० आणि ३०० मिलिसेकंदांचे तीन टायमर एकदम सुरू केले तर यादीत २०, ३०, २५० असे आकडे राहतात. वेळ पुढे सरकला की फक्त पहिला आकडा कमी करायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आता ४० चा टायमर आला, तर पहिल्या २० नंतर उरलेले २० घेऊन तो दुसऱ्या जागी बसतो आणि मागच्याच्या ३० चे १० होतात. यादी झाली २०, २०, १०, २५०. फ्रीआरटीओएस फरकाऐवजी मुदतीचा प्रत्यक्ष क्षण साठवते. पण टिक, म्हणजे सिस्टिमच्या घड्याळाचे ठोके, मोजणारा आकडा भरून पुन्हा शून्यावर येतो, म्हणून ‘या फेरीतले’ आणि ‘पुढच्या फेरीतले’ अशा दोन याद्या ठेवते.

यादीत नवा टायमर घालताना जागा शोधत जावे लागते, म्हणजे टायमर वाढले की खर्च वाढतो. यावरचा प्रसिद्ध उपाय १९८७ सालचा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणारे जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक यांनी त्या वर्षीच्या ऑपरेटिंग सिस्टिमविषयक परिषदेत टायमरांच्या चाकाची कल्पना मांडली. वर्गीस हे आयआयटी मुंबईचे बी. टेक. चाकाला ठरावीक घरे असतात, दर टिकला काटा एक घर पुढे जातो आणि त्या घरातले टायमर तपासले जातात. नवा टायमर कोणत्या घरात जाणार हे एका भागाकारात कळते, शोधाशोध नाही. थ्रेडएक्समध्ये असेच ३२ घरांचे चाक आहे, मायक्रोसीओएस-२ मध्येही आहे. आरटी-थ्रेडने स्किप लिस्टचा मार्ग घेतला आहे.

लिनक्सच्या कर्नलमध्ये चाकाचे महत्त्व फार मोठे आहे, कारण तिथे नेटवर्कच्या जोडण्यांमुळे हजारो टायमर एकदम जिवंत असतात. २०१६ मध्ये ४.८ आवृत्तीत थॉमस ग्लाइक्सनर यांनी हे चाक नव्याने लिहिले, ते एका निरीक्षणाच्या आधारावर: बहुतेक टायमर ‘अमुक वेळेत उत्तर आले नाही तर’ अशा प्रकारचे असतात आणि ते वाजण्याआधीच रद्द होतात. मग दूरच्या मुदतीत साडेबारा टक्क्यांपर्यंत ढिलाई चालते. ज्यांना अचूकताच हवी त्यांच्यासाठी २००६ पासून वेगळी, झाडाच्या रचनेवरची व्यवस्था आहे.

आपल्या स्टार्टरात पंधरा-वीस टायमर आहेत. वीस जणांच्या यादीत जागा शोधायला लागणारा वेळ कोणाला जाणवणार नाही. रचनेवरून आरटीओएस निवडायची वेळ गेटवे किंवा राउटरसारख्या उपकरणातच येते. लिनक्सकडून घ्यायचा धडा वेगळा आहे. हमखास वाजणारे टायमर आणि सहसा रद्द होणारे टायमर या दोन जाती आहेत, आणि आपल्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्याची जात लिहून ठेवली पाहिजे. पुढचे बरेच निर्णय त्यामुळे सोपे होतात.

कॉलबॅक कुठे चालतो?

खरा फरक इथे आहे. मुदत भरल्यावर आपण दिलेले फंक्शन कोणाच्या जागेत, कोणाच्या स्टॅकवर आणि कोणत्या प्रायॉरिटीने चालते?

पहिला प्रकार इंटरप्टमध्ये चालणारा. झेफरचा साधा के-टायमर, व्हीएक्सवर्क्सचा ‘वॉचडॉग टायमर’ (नाव तसे असले तरी चिप रीसेट करणाऱ्या वॉचडॉगशी त्याचा संबंध नाही) आणि नटएक्समधला त्याचाच भाऊबंद, हे सगळे घड्याळाच्या इंटरप्टमधूनच कॉलबॅक बोलावतात. फायदा उघड आहे: कोणताही टास्क कितीही गुंतलेला असो, कॉलबॅक जवळजवळ वेळेवर होतो. किंमत दुसरे भरतात. तो चालू असेपर्यंत सगळे टास्क थांबलेले, आणि त्याच किंवा खालच्या पातळीचे इंटरप्टही ताटकळलेले. आत म्युटेक्स घेता येत नाही, कशाची वाट पाहता येत नाही, मेमरी मागणेही धोक्याचे. इथे एखादी पिन चालू-बंद करणे, एक आकडा वाढवणे, सेमाफोर देणे एवढेच शोभते.

दुसरा प्रकार टायमरांच्या खास टास्कमध्ये चालणारा. फ्रीआरटीओएसमध्ये २०११ च्या ७.० आवृत्तीपासून सॉफ्टवेअर टायमर आहेत आणि ते सगळे ‘टायमर सर्व्हिस टास्क’ नावाच्या एकाच टास्कमध्ये चालतात. टायमर सुरू करा, थांबवा, मुदत बदला, प्रत्येक वेळी आपण त्या टास्कच्या क्यूमध्ये फक्त एक चिठ्ठी टाकतो. काम तो सवडीने करतो. या रचनेतून चार गोष्टी निघतात आणि चारही गोष्टी प्रत्यक्ष प्रकल्पांत चावतात. क्यू भरलेली असेल आणि आपण थांबायला तयार नसू, तर ‘सुरू करा’ ही विनंती नापास होऊन परत येते. परत आलेले उत्तर न तपासणारा कोड मग कधीच न वाजणाऱ्या टायमरची वाट पाहत बसतो. त्या टास्कची प्रायॉरिटी कमी ठेवली तर वरच्या टास्कांच्या गर्दीत सगळे टायमर एकदम मागे पडतात. स्टॅक एकच असल्याने एका कॉलबॅकमधला मोठा स्थानिक ॲरे सगळ्यांना बुडवतो. आणि एक कॉलबॅक रेंगाळला की बाकीचे सगळे रांगेत.

ही शेवटची गोष्ट आकड्यांत पाहण्यासारखी आहे. कॉलबॅकमध्ये कोणी तपासणीसाठी ४० अक्षरांची एक ओळ सीरियल पोर्टवर छापली आणि पोर्टचा वेग ९६०० बॉड असेल, तर सेकंदाला ९६० अक्षरे या हिशेबाने ती ओळ बाहेर पडायला जवळपास ४२ मिलिसेकंद लागतात. छापणारे फंक्शन तेवढा वेळ अडून बसणारे असेल, तर २० मिलिसेकंदांचा बटणाचा टायमर त्या काळात दोनदा वाजायला हवा होता, तो एकदाही वाजला नाही. बाहेरच्या ईईप्रॉममध्ये एक पान लिहून ते पूर्ण होण्याची वाट पाहिली तरी ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ जातो. ‘टायमर अचूक नाही’ अशा तक्रारीच्या मुळाशी बरेचदा असाच एखादा शेजारी सापडतो.

थ्रेडएक्समध्येही मूळ व्यवस्था टायमर थ्रेडचीच आहे, पण तो थ्रेड काढून टाकून सगळे इंटरप्टमध्येच उरकायची सोय बांधणीच्या वेळी निवडता येते. आरटी-थ्रेड प्रत्येक टायमरला वेगळा पर्याय देते: ‘हार्ड’ म्हटला की इंटरप्टमध्ये, ‘सॉफ्ट’ म्हटला की थ्रेडमध्ये. ईएसपी-३२ वर काम करणाऱ्यांना तर एकाच चिपवर दोन व्यवस्था मिळतात. ईएसपी-आयडीएफमध्ये फ्रीआरटीओएसच्या टायमर टास्कची मूळ प्रायॉरिटी १ आहे, म्हणजे जवळजवळ तळाला. आणि ईएसपी-टायमर नावाची वेगळी सोय मायक्रोसेकंदांत मोजते आणि तिचा टास्क २२ वर चालतो. दोन्हींचे कॉलबॅक लिहायला सारखेच दिसतात. वायफाय गजबजलेले असताना ते सारखे वागत नाहीत.

तिसऱ्या प्रकारात टायमर स्वतः काहीच करत नाही, फक्त कोणाला तरी उठवतो. मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी जर्मनीत १९९३ मध्ये सुरू झालेल्या ओसेक या मानकात आणि त्यातून पुढे आलेल्या ऑटोसारमध्ये हा विचार सर्वांत स्वच्छ दिसतो. तिथे ‘अलार्म’ असतो, तो एका ‘काउंटर’ला बांधलेला असतो आणि मुदत भरली की तो मुख्यतः एखादा टास्क सुरू करतो किंवा एखाद्या टास्कला इव्हेंट देतो. कॉलबॅकची सोय असली तरी मर्यादित. हे सगळे कॉन्फिगरेशनच्या वेळीच पक्के होते. गाडी चालू असताना नवा टायमर जन्माला येत नाही. पुण्यात ईसीयूचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींना हे रोजचे आहे, आणि फ्रीआरटीओएसवरून तिकडे गेलेल्याला सुरुवातीला ते जाचक वाटते. पण कोणत्या कामाला किती उशीर होऊ शकतो याचा हिशेब कागदावर मांडता येतो तो याच शिस्तीमुळे.

झेफरचा ‘डिलेएबल वर्क’ हा याच विचाराचा हलका अवतार. मुदत भरली की काम एका वर्कक्यूला दिले जाते आणि तिथल्या थ्रेडमध्ये चालते. ही वर्कक्यू आपण स्वतःची बनवू शकतो, तिला हवी ती प्रायॉरिटी देऊ शकतो. सर्वांसाठी असलेल्या सिस्टिम वर्कक्यूवरच सगळे टाकले, तर मात्र फ्रीआरटीओएसमधला रांगेचा प्रश्न नाव बदलून परत येतो.

या तिन्ही प्रकारांत ‘चांगला’ असा कोणी नाही. पहिल्यात उशीर टास्कांना आणि इतर इंटरप्टांना मिळतो, दुसऱ्यात भावंड टायमरांना, तिसऱ्यात ज्याचे काम त्यालाच. नव्या प्रकल्पात माझा कल तिसऱ्याकडे असतो, कारण तिथे चूक झाली तरी ती आपल्या घरात राहते.

टिकचा हिशेब

आता अचूकता. बहुतेक आरटीओएसांत वेळ टिकमध्ये मोजला जातो. टिक किती वेळाने येतो हे आपण ठरवतो, पण मूळ आकडे वेगवेगळे असतात आणि तिथे फसगत होते. ईएसपी-आयडीएफमध्ये मूळ वेग १०० हर्ट्झ, म्हणजे १० मिलिसेकंदांचा टिक. थ्रेडएक्सची प्रथाही तीच. मायक्रोसीओएस-३ मध्ये टायमर टास्कचा वेग प्रथेने १० हर्ट्झ ठेवला जातो, म्हणजे दहावा सेकंद हा त्याचा सर्वांत लहान घास.

१० मिलिसेकंदांच्या टिकवर ‘५ मिलिसेकंद थांब’ असे फ्रीआरटीओएसला सांगितले, तर रूपांतराच्या मॅक्रोमध्ये पूर्णांकी भागाकार होतो आणि उत्तर शून्य येते. टास्क अजिबात थांबत नाही. १५ मिलिसेकंद सांगितले तर एक टिक. आणि एक टिक म्हणजेही १० मिलिसेकंद नव्हेत: पुढचा टिक यायला ज्या क्षणी ०.२ मिलिसेकंद उरले आहेत, त्या क्षणी थांबायला सांगितले तर ०.२ मिलिसेकंदांतच मोकळीक मिळते. सेन्सरच्या डेटाशीटमध्ये ‘किमान १० मिलिसेकंद’ लिहिले असेल तर तिथे दोन टिक मागावे लागतात.

दुसरी गळती नियमित कामांत होते. १०० मिलिसेकंदांनी करायचे काम ३ मिलिसेकंद चालते, आणि ते संपल्यावर टास्क १०० मिलिसेकंद झोपतो. म्हणजे फेरी १०३ ची झाली. तासाला ३६,००० ऐवजी साधारण ३४,९५० फेऱ्या. यासाठी ‘इतका वेळ थांब’ ऐवजी ‘अमुक क्षणापर्यंत थांब’ अशी वेगळी हाक फ्रीआरटीओएसमध्ये आहे. आपोआप पुन्हा भरणारा टायमरही पुढची मुदत मागच्या ठरल्या क्षणापासून मोजतो, म्हणून उशीर साचत नाही. एकदाच वाजणारा टायमर त्याच्याच कॉलबॅकमधून पुन्हा सुरू केला की मात्र तो साचू लागतो.

तिसरी गोष्ट आकडा भरून शून्यावर येण्याची. ३२ बिटांच्या आकड्यात ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद मावतात, म्हणजे ४९.७ दिवस. विंडोज ९५ आणि ९८ या आकड्यावर अडकून पडत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाने बोईंग ७८७ च्या जनरेटर नियंत्रकांबाबत आदेश काढला, कारण सलग २४८ दिवस वीजपुरवठा चालू राहिला तर त्यांच्यातला एक सॉफ्टवेअर काउंटर भरून वाहत होता. सेकंदाचे शतांश ३२ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात मोजले तर तेवढेच दिवस येतात. खबरदारी एका ओळीची आहे. ‘आत्ता, सुरुवात अधिक मुदत यापेक्षा मोठा आहे का’ असे विचारू नका. ‘आत्ता वजा सुरुवात ही मुदतीइतकी झाली का’ असे चिन्हरहित आकड्यांत विचारा. वजाबाकी फेरी ओलांडूनही बरोबर येते, बेरीज येत नाही. तपासायला ४९ दिवस थांबायची गरज नाही: लिनक्सचे घड्याळ मुद्दाम भरण्याच्या पाच मिनिटे आधीच्या आकड्यापासून सुरू होते, आणि फ्रीआरटीओएसमध्येही सुरुवातीचा टिक हवा तो ठेवता येतो.

बॅटरीवर चालताना

विजेच्या खांबावरून चालणाऱ्या स्टार्टरला टिकचा खर्च जाणवत नाही. बॅटरीवरच्या पाणीमीटरला जाणवतो. सेकंदाला हजार वेळा उठून ‘काही काम आहे का’ विचारणारा प्रोसेसर पाच वर्षांची बॅटरी पाच वर्षे पुरू देणार नाही. म्हणून ‘टिकलेस’ व्यवस्था: पुढची मुदत कधी आहे ते पाहून तेवढ्यापुरता एकच गजर लावायचा आणि झोपायचे. फ्रीआरटीओएसमध्ये ती निवडावी लागते, झेफर मुळातच तशी चालते.

इथे हार्डवेअर आडवे येते. कॉर्टेक्स-एम मधला सिसटिक हा टायमर २४ बिटांचा आहे. ७२ मेगाहर्ट्झवर तो ०.२३ सेकंदांतच भरतो आणि गाढ झोपेत बहुधा बंदच पडतो. मग ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारा मंद टायमर घ्यावा लागतो. नॉर्डिकच्या एनआरएफ-५२ मधला तसा २४ बिटांचा काउंटर ५१२ सेकंद पुरतो. पण ३२,७६८ ला हजाराने भाग जात नाही. एक मिलिसेकंद म्हणजे ३२.७६८ ठोके, ते ३३ धरले तर दर टिकला ०.७ टक्के चूक, म्हणजे दिवसाला सुमारे दहा मिनिटे. त्याच क्रिस्टलची स्वतःची चूक २० पीपीएम धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंदच होते. म्हणूनच नॉर्डिकच्या फ्रीआरटीओएस उदाहरणांत टिक १००० ऐवजी १०२४ हर्ट्झ दिसतो.

रायट या आरटीओएसने हा प्रश्न मोकळेपणाने वापरणाऱ्यापुढे ठेवला आहे. त्याच्या झेडटायमरमध्ये मायक्रोसेकंद, मिलिसेकंद आणि सेकंद अशी वेगवेगळी घड्याळे आहेत आणि कोणत्या घड्याळावर टायमर लावायचा ते आपण सांगायचे. ज्याला मायक्रोसेकंदांचे घड्याळ हवे त्याने वेगवान काउंटर जागा ठेवण्याचा खर्चही मान्य करायचा.

रद्द करताना

सहसा रद्द होणाऱ्या टायमरांची परीक्षा रद्द करण्याच्या क्षणी होते. मोडेमचे उत्तर आले, आपण टायमर थांबवला. पण त्याच वेळी मुदतही भरली होती. फ्रीआरटीओएसमध्ये ‘थांबवा’ ही हाक यशस्वी झाली याचा अर्थ चिठ्ठी क्यूमध्ये पडली एवढाच. टायमर टास्क ती वाचेपर्यंत कॉलबॅक चालून गेलेला असू शकतो. उत्तर आले म्हणून आपण बफर मोकळा केला आणि त्याच बफरला कॉलबॅकने हात लावला, तर बिघाड महिन्यातून एकदा, तोही गिऱ्हाइकाकडे होणार.

झेफरच्या डिलेएबल वर्कमध्ये ‘रद्द कर आणि चालू असेल तर संपेपर्यंत थांब’ अशी वेगळी हाक आहे, लिनक्समध्येही तशीच आहे. जिथे ती नाही तिथे एक साधा उपाय पुरतो: प्रत्येक विनंतीला क्रमांक द्यायचा, टायमरच्या निरोपासोबत तोच क्रमांक पाठवायचा, आणि टास्कने जुना क्रमांक दिसला की निरोप टाकून द्यायचा. टायमर फक्त निरोप देत असेल तरच हे जमते. तिसऱ्या प्रकाराकडे कल असण्याचे हे आणखी एक कारण.

टायमर लागतच नाही तेव्हा

टास्क एकाच गोष्टीची वाट पाहत असेल तर क्यूमधून निरोप घेण्याच्या हाकेलाच मुदत देता येते. मोडेमच्या उत्तरासाठी तेवढे बास. वेगळा टायमर नको, रद्द करण्याची शर्यतही नको. वीस मायक्रोसेकंदांचा पल्स हवा असेल तर तो हार्डवेअर टायमरनेच काढावा. आणि वॉचडॉगला थोपटण्याचे काम टायमरच्या कॉलबॅकमध्ये कधीही ठेवू नये. मुख्य टास्क गोठला तरी घड्याळाचा इंटरप्ट चालूच राहतो, आणि मग वॉचडॉगला शेवटपर्यंत सगळे आलबेल वाटते.

निवड कशी करायची?

स्टार्टरकडे वळून एकेक मुदत पाहू. बटणाचे २० मिलिसेकंद ३५ झाले तरी शेतकऱ्याला कळणार नाही. तो सामान्य टायमर टास्कमध्ये चालेल. स्टार ते डेल्टा बदल काही सेकंदांनी होतो आणि त्यात ५० मिलिसेकंद इकडेतिकडे चालतात, पण स्टारचा कॉन्टॅक्टर सुटणे आणि डेल्टाचा लागणे यांत अंतर राहिलेच पाहिजे, नाहीतर फेज एकमेकांना भिडतात. म्हणून तो क्रम दोन सुट्या टायमरांवर सोडू नये. एकाच टास्कमध्ये पायऱ्यांनी चालवावा, आणि कॉन्टॅक्टरांचे विद्युत इंटरलॉक काढू नये. एक फेज गेल्यावर मोटर तोडण्याची मुदत कडक आहे. तिला वरच्या प्रायॉरिटीचा स्वतःचा टास्क द्यावा, आणि तरीही ओव्हरलोड रिले जागेवर ठेवावा. मोडेमसाठी क्यूची मुदत. कोरड्या विहिरीचा अर्धा तास कुठेही मोजा.

राहिली वीज परत आल्यानंतरची मुदत. वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो, म्हणून महावितरण ऑटोस्विच न वापरण्याचे आवाहन करत आले आहे. इथे सगळ्या पेट्यांत एकच आकडा टाकला तर गर्दी काही सेकंद पुढे ढकलली जाईल, एवढेच. पेटीच्या अनुक्रमांकावरून किंवा यादृच्छिक आकड्यावरून प्रत्येकीची मुदत वेगळी हवी. पेटीच्या आतही हेच घडते: चालू होताना एकाच क्षणी सुरू केलेले पाच एक-सेकंदी टायमर कायम एकाच टिकवर वाजत राहतात आणि शेवटच्याला दर वेळी उशीर होतो. त्यांना सुरुवातीलाच १००-२०० मिलिसेकंदांच्या अंतराने सोडले की गर्दी मोडते.

हे सगळे एका तक्त्यात मावते: टायमरचे नाव, मुदत, किती उशीर चालेल, काम कोणत्या टास्कमध्ये होणार, सहसा वाजतो की रद्द होतो, रद्द करताना काय जपायचे. ‘किती उशीर चालेल’ हा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण त्याचे उत्तर आरटीओएसच्या पुस्तिकेत नसते. ते मोटर, सेन्सर आणि वापरणाऱ्याला विचारावे लागते. तो भरला की टायमरचा प्रकार बहुधा आपोआप ठरतो. मग कॉलबॅकमध्ये एक मोकळी पिन हलवायची, ऑसिलोस्कोप लावायचा, मोडेम, सीरियल पोर्ट आणि ईईप्रॉम एकदम गुंतवायचे आणि प्रत्यक्ष उशीर रकान्यातल्या आकड्यापेक्षा कमी आहे का ते पाहायचे. रिकाम्या बोर्डावर घेतलेले माप कामाचे नाही.

आरटीओएसांची मालकी बदलत असते. थ्रेडएक्स २०१९ मध्ये एक्स्प्रेस लॉजिककडून मायक्रोसॉफ्टकडे गेली आणि नंतर एक्लिप्स फाउंडेशनकडे. फ्रीआरटीओएसचा कारभार २०१७ पासून ॲमेझॉनकडे आहे. चिपचा पुरवठा अडला की बोर्ड बदलतो, आणि बोर्डाबरोबर कधी कधी आरटीओएसही. तेव्हा टायमरच्या हाका नव्याने लिहाव्या लागतात, पण तक्ता भरलेला असेल तर ते दोन-चार दिवसांचे काम ठरते. तो नसेल तर जुना कोड चालत होता तो रचनेमुळे की नशिबाने, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि प्रत्येक मुदत पुन्हा शेतावर जाऊन शोधावी लागते.